जंगलपट्टीतली असली तरी

ये गं बाय, जवळ ये. अशी दारात चपला घालून उभी राहिल्यासारखी बोलू नकोस माझ्याशी. फोनवर तू तशीच बोलतेस, एक पाय आत, एक पाय बाहेर. "आजी, यायचं खूप मनात आहे गं, पण पेपर तपासायचेत." "आजी, या रविवारी निघालेच होते, पण मीटिंग लागली." दिवाळीपासून ऐकतेय मी. तुझं मनातलं आधी येतं, मागून तो "पण" येतो, आणि माझ्या ओटीवर पाय पसरून बसतो. तू मात्र येत नाहीस. मी रागावत नाहीये. म्हणजे, थोडी रागावतेय.

गेल्या आठवड्यात तू हसत हसत सांगत होतीस की तुझ्या वर्गातली पोरं इंग्रजीत वाक्याच्या पुढे "ऑल्दो" लावतात आणि मधे परत "बट" घालतात. कितीही सांगितलं तरी दोन्ही लावतात. "आजी, आपल्या जरी-तरीची सवय गं त्यांना. इंग्रजीत एकच पुरतं." तेव्हा मी पटकन म्हणून गेले, "ऑल्दो ही वॉज पुअर, ही वॉज ऑनेस्ट." मग विचारलंस, "आजी, तुला हे कुठून येतं?" मी म्हटलं, आलीस की सांगते. आता तू काही येत नाहीस, म्हणून लिहायला बसले. वही तुझ्या बापाच्या शाळेतली आहे, मागची पानं कोरी राहिली होती.

लिहायला दुसरंही कारण आहे. तलासरीहून निरोप आलाय. माझी तिकडची मैत्रीण, जिच्या शेवळांची रानभाजी तू लहानपणी "खाजते" म्हणून थुंकली होतीस, तिने बोलावलंय. माझे गुडघे आता एकटीला एसटीची पायरी चढू देत नाहीत. तुझ्या बापाला कारखान्यातून सुट्टी मिळत नाही, आणि मिळाली तर तो झोपतो. तू आलीस तर माझं जाणं होईल. नाही आलीस तर बहुतेक होणार नाही, आणि आम्हां दोघींच्या वयाला पुढच्या वर्षीचा वायदा करता येत नाही. तेवढ्यासाठी तुला हे सगळं कळायला हवं. याच बाईला मी एकदा एका वाक्यात गमावून बसले होते. आणि ते वाक्य तू पोरांना शिकवतेस त्याच साच्यातलं होतं.

आता नीट ऐक.

मी चौथीपर्यंत शिकले, ते तुला ठाऊक आहे. पुढचं सगळं रद्दीने शिकवलं. सुक्या मासळीचं गिऱ्हाईक आलं की कागदात बांधून द्यावं लागे, तेव्हा आजच्यासारख्या पिशव्या नव्हत्या. रद्दीवाला चिंचणीच्या नाक्यावर बसायचा. त्याच्याकडे वर्तमानपत्रं असत, पण वर्तमानपत्राची शाई ओलसर मासळीला लागते. वहीचा किंवा पुस्तकाचा कागद जाड, म्हणून मी तो मागून घ्यायची. शाळेची परीक्षा संपली की पोरांची गाईडं यायची. त्यात इंग्रजी वाक्य आणि त्याच्याखाली मराठी अर्थ. बाजारात गिऱ्हाईक नसलं की मी ती पानं वाचत बसायची. अक्षरं ओळखीची झाली, शब्द झाले. अर्थ खाली मराठीत दिलेलाच असे.

तुझे आजोबा म्हणायचे, "मासळी बांधायला रद्दी आणतेस का रद्दी ठेवायला मासळी विकतेस?"

"दोन्ही चाललंय," मी म्हणायची.

"मग आज कालवणाला काय, धडा तिसरा?"

हसू नको. एकदा खरंच नादात कोळंबी करपवली होती मी.

एक पान मी बांधायला काढलं नाही, ठेवून दिलं. त्याच्यावर सगळी एकाच घडणीची वाक्यं होती. तो आजारी असला तरी शाळेत गेला. पाऊस पडत असला तरी ते खेळले. आणि मधे ते वाक्य: तो गरीब असला तरी प्रामाणिक होता. तुझा बाप तेव्हा आठवीत असेल. मी तो पहिला शब्द अक्षर अक्षर लावून काहीतरी भलतंच म्हणत होते. तो म्हणाला, "आई, ऑल्दो म्हणतात ते." मी म्हटलं, बरं, ऑल्दो. पण हे वाक्य बरोबर आहे का? तो म्हणाला, "छापलंय म्हणजे बरोबरच असणार."

मला काही पटलं नव्हतं. आजारी माणूस शाळेत गेला, त्याचं नवल आहे. पाऊस पडतोय आणि पोरं खेळतायत, त्याचंही थोडं नवल आहे. गरीब माणूस प्रामाणिक निघाला, यात कसलं नवल? आमच्या आळीत सगळी गरीबच होती. दाराला कुलूप लावायचं कुणाला सुचतही नव्हतं. ज्याने ते वाक्य लिहिलं, त्याने आधीच मनात धरलं होतं की गरीब म्हणजे चोर. "तरी" म्हणताना ते त्याच्या तोंडून सांडलं.

एवढं मला कळलं होतं बघ. दुसऱ्याच्या वाक्यातलं कळलं होतं.

आता तलासरीचा बाजार. बोटी चांगल्या चालल्या की बोंबील ढिगाने यायचे. जबड्यात जबडा अडकवून आम्ही ते दोरीवर टांगायचो. जवळा, ती बारीक कोळंबी, खाली पसरायचा आणि कावळ्यांना हाकत बसायचं. चैत्र-वैशाखात सगळं कडक वाळलं की जंगलपट्टीत न्यायचं, कारण तिकडची माणसं पावसाळ्याची बेगमी तेव्हाच करतात. तुला नाशकात राहून हे शब्द विसरायला झाले असतील, म्हणून सांगते: आपण बंदरपट्टी, आणि रेल्वेच्या पलीकडे डोंगराकडे ती जंगलपट्टी. चिंचणीहून डहाणू, डहाणूला गाडी बदलून तलासरी. पाट्या टपावर चढवायच्या. कंडक्टर नाकाला रुमाल लावून तिकीट फाडायचा आणि उतरताना हळूच विचारायचा, "मावशी, जवळा आहे का चांगला?"

पहिल्यांदा गेले तेव्हा बसायला जागा मिळेना. सावलीतल्या जागा ठरलेल्या असतात, कोणी हलत नाही. एका चिंचेच्या झाडाखाली एक बाई बसली होती, माझ्याच वयाची. पुढ्यात नागली, उडीद आणि पानात बांधलेली शेवळं. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या पाटीकडे बघितलं, आणि आपलं गोणपाट हातभर सरकवलं. बोलली काही नाही. मी बसले. दुपारी तिने भाकरी काढली, मी भाजलेला बोंबील काढला. तेव्हा बोलली.

"तुमच्याकडं सगळं इतकं खारट खातात काय?"

"तुमच्याकडं सगळं इतकं कोरडं खातात काय?" मी म्हटलं.

झाली ओळख.

ती चार तास चालून यायची, पहाटे पाड्यावरून निघायची. मी एसटीची वाट बघत उशिरा पोचायची. मग आमची एक रीत पडली. मला पाट्यांबरोबर गोणपाट वागवायला नको म्हणून माझं गोणपाट ती आपल्या घरी न्यायची. पुढच्या बाजाराला आली की आधी माझं अंथरायची, त्यावर दगड ठेवायची, मग शेजारी स्वतःचं. मी पोचेपर्यंत ते अंथरलेलं गोणपाट बघून कोणी तिथे बसत नसे. कधी पाट्या उतरवताना लांबूनच मला ती दोन गोणपाटं दिसायची, एकमेकांना चिकटून, आणि हातातलं ओझं हलकं वाटायचं.

शेवळं कशी करायची ते तिनेच शिकवलं. नुसती केली तर घसा खाजतो, काकडं, ती आंबट रानफळं, घालावी लागतात. तीही ती पुडीत बांधून द्यायची. "आणि वरून तुझा जवळा टाक," म्हणाली, "मग बघ." मी केलं. तुझे आजोबा कढई चाटत बसले होते. तू थुंकलीस ते बऱ्याच वर्षांनी, कारण त्या दिवशी तुझ्या आईने काकडं फेकून दिली होती, कचरा समजून. शेवळांचा दोष नव्हता.

बरीच वर्षं अशी गेली. तिच्या पोरीच्या लग्नाला मी बोंबलाची एक पाटी भरून घेऊन गेले, विवळवेढ्याच्या जत्रेत आम्ही दोघींनी एकाच रंगाच्या बांगड्या भरल्या. मला सख्खी बहीण नाही. होती तीच.

मग तो बाजार आला. वैशाख होता. एक बाई आली, डहाणूकडची असावी, पांढरी स्वच्छ साडी, मागे रिक्षा उभी. माझ्याकडून दर वर्षी जवळा न्यायची. जवळा घेतल्यावर तिची नजर शेवळांवर गेली. घ्यावीशी वाटत होती तिला, पण हात पुढे होईना. शेवळांकडे बघे, मग माझ्या मैत्रिणीकडे बघे, तिच्या हातांकडे बघे. मातीचे हात होते ते, शेवळं खणूनच काढतात. मला वाटलं, गिऱ्हाईक जाईल हिचं. मी आपली मदतीला धावले. म्हटलं, "घ्या हो ताई, बिनधास्त घ्या. जंगलपट्टीतली असली तरी हाताची स्वच्छ आहे. फसवायची नाही."

बाईने घेतली. मैत्रिणीने दिली. हसलीसुद्धा. मला वाटलं, केलं आपण काम.

पुढच्या बाजाराला मी पोचले, तर चिंचेखाली माझं गोणपाट अंथरलेलं होतं. धुतलेलं होतं. वर दगड होता. शेजारी काही नव्हतं.

ती बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला बसली होती, जिथे गुरं उभी करतात त्याच्या अलीकडे, भर उन्हात. मी गेले विचारायला.

"इथं का गं बसलीस?"

"इथं गिऱ्हाईक बरं लागतं."

"उन्हात?"

"आम्हांला ऊन नवं नाय."

"माझं काही चुकलं का?"

तिने मान वर केली नाही. उडदातले खडे वेचत होती. "तुझं काय चुकायचं," म्हणाली. "तू चांगलंच बोलतेस."

मी परत आले. खरं सांगू, मला राग आला. मनात म्हटलं, मी काय वाईट बोलले? स्वच्छ म्हटलं, फसवत नाही म्हटलं, गिऱ्हाईक मिळवून दिलं. उलट मलाच नखरे. गाईडातल्या त्या पानावर मी नाक मुरडलं होतं, ते मला एकदाही आठवलं नाही. पान घरात होतं, पत्र्याच्या पेटीत.

त्यानंतर गोणपाट मी माझं नेऊ लागले. एका बाजारात दोघी, दोन टोकांना. मधे कांदे, भांडी, कपडे, कोंबड्या. कधी उभं राहिलं की तिचं डोकं दिसायचं. किती वर्षं गेली ते मोजलं नाही मी. तू तेवढ्यात जन्मलीस, चालायला लागलीस, शाळेत गेलीस.

तुझी शाळा, हां. आता तुला आठवणारी गोष्ट येतेय.

तू पाचवीत होतीस आणि निबंधात पहिली आली होतीस. तुझी आई बाळंतपणाला माहेरी, बाप कामावर, म्हणून बक्षिसाला मी आले. नवं लुगडं नेसले होते, लिंबू लावून हात धुतले होते, दोनदा. तू मला पुढच्या रांगेत बसवलंस. पाहुणे म्हणून एक साहेब आले होते, कुठले ते आठवत नाही, चांगले सभ्य होते. तुझं नाव पुकारलं, तू वर गेलीस, त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकवर इंग्रजीतून बोलायला लागले. मला काही समजत नव्हतं. मी आपली तुझ्या वेण्यांकडे बघत होते. आणि त्या सगळ्या आवाजातून एक ओळखीचा शब्द आला. ऑल्दो.

मी कान टवकारले. माझा शब्द होता तो. मला वाटलं, आता कोणीतरी आजारी असला तरी शाळेत जाणार. त्यापुढे ग्रँडमदर आलं. मग फिश. मग मार्केट. थोडं थांबले ते. मग क्लीन, मग क्लेव्हर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. शेजारच्या बाई वाकून माझ्याशी हसल्या, "तुमचं कौतुक केलं हो."

टमटममध्ये तू बक्षिसाचा डबा उघडून बघत होतीस. मी ते सहा शब्द जोडत होते. आजी बाजारात मासळी विकत असली तरी पोरगी स्वच्छ आहे. हुशार आहे. जितक्या वेळा जोडलं तितक्या वेळा तेच निघालं. माणूस वाईट नव्हता. कौतुकच करत होता. पण "तरी" म्हणण्याआधी त्याच्या मनात काय होतं, ते मला दिसलं. घाण घर, मठ्ठ पोरगी. आणि मी हात नाकाजवळ नेऊन वास घेऊन बघितला. लिंबाचाच येत होता.

आणि तेव्हा, गं, वाणगावच्या फाट्याजवळ असू आपण, मला ते धुतलेलं गोणपाट दिसलं. दगड ठेवलेलं.

तू त्या दिवशी विचारलं होतंस, आजी, कुल्फी देणार होतीस ना? आणि मी दिली नाही. त्यावरून तू दोन दिवस फुगून बसलीस. तर ते असं होतं.

त्यानंतर मला एक खोडच लागली. माणूस बोलायला लागला की मी बघते, त्याने आधी काय ठेवलं आणि शेवटी काय ठेवलं. आता आपल्याकडे वाढवणला होऊ घातलेल्या बंदरावरून सगळीकडे तेच बोलणं चालतं, चहाच्या टपरीवर, देवळात, मयतीलासुद्धा. एक म्हणतो, "मासळी जाईल, पण पोरांना नोकऱ्या लागतील." दुसरा म्हणतो, "पोरांना नोकऱ्या लागतील, पण मासळी जाईल." बघ, शब्द तेच आहेत. पण पहिला मनाने तिकडे जाऊन बसलाय, आणि दुसऱ्याची होडी अजून पाण्यात आहे. जे शेवटी ठेवतात ना, ते घरी घेऊन जातात. तुझ्या पोरांना हे शिकव. एक शब्द लावायचा का दोन, ते नंतर शिकतील.

तर मी पुढच्या बाजाराला गेले. चिंचेखाली पाट्या उतरवल्या नाहीत. हमालाला म्हटलं, पुढे चल. कांदे गेले, भांडी गेली, कोंबड्या गेल्या. ती तिथेच होती, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. मी शेजारी गोणपाट टाकलं. तेच, तिने धुऊन दिलेलं. तिने गोणपाटाकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

"ऊन आहे इथं," म्हणाली.

"आहे ना."

"चिंच पडली काय तुझी?"

"उभी आहे."

"मग?"

घरून ठरवून निघाले होते ते सगळं डहाणूच्या स्टँडवर राहिलं. मग मी तिला शाळेतलं सांगितलं. लुगडं, लिंबू, साहेब, ते सहा शब्द, सगळं. ती शेवळांची पानं सारखी करत ऐकत होती. तिची बोली वेगळी आहे, मी आपल्या वळणाने लिहितेय.

"मग तू काय केलंस?" तिने विचारलं.

"टाळ्या वाजवल्या."

तिचे हात थांबले. "मी पण हसले होते तेव्हा," म्हणाली. "त्या बाईला दोन शेवळं जास्तच दिली मी. घरी गेल्यावर मला माझाच राग आला. तुझा नंतर आला."

ऊन असं होतं की पाटीतला जवळा तडतडत होता. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, कुठल्यातरी ऑफिसातली बाई, पर्स खांद्याला. माझ्या पाटीपुढे उभी राहिली, वाकली, आणि वासाने तिचं नाक जरा आक्रसलं. घ्यावं की नाही, असं चाललं होतं तिचं. माझी मैत्रीण पुढे सरकली आणि मोठ्या गोड आवाजात म्हणाली, "घ्या हो ताई, बिनधास्त घ्या. बंदरपट्टीतली असली तरी हाताची स्वच्छ आहे. फसवायची नाय."

शब्द न् शब्द तोच. इतकी वर्षं तिने तो जसाच्या तसा जपून ठेवला होता.

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला, आणि मग आम्हां दोघींना जे हसू फुटलं, मला माप धरता येईना. जवळा सांडला. डोळ्यांतून पाणी. ती बाई बिचारी मागे सरली, तिला वाटलं आपल्यालाच हसतात.

"चुकलं माझं," मी हसतानाच म्हटलं. तसं म्हटलं म्हणून म्हणता आलं.

"कळलं," ती म्हणाली. "आता तिचं माप नीट भर. सगळा जवळा मातीत घातलास."

जाताना मी विचारलं, पुढच्या बाजाराला चिंचेखाली येशील ना? ती म्हणाली, नाही. इतकी वर्षं इथे बसले, माझं गिऱ्हाईक मला इथे शोधतं. तर मग मीच तिकडे राहिले. माझ्या गिऱ्हाइकांनी पंधरवडाभर कुरकुर केली, मग मी त्यांना सापडले. एक काळी छत्री आणली, दोघींत एक. सूर्य सरकला की छत्री सरकवायची, त्यावरून भांडायचं. तुझे आजोबा म्हणायचे, सावली सोडून उन्हात जाणारी बाई मी पहिलीच बघितली. माझं गोणपाट पुन्हा तिच्या घरी जायला लागलं.

टाळेबंदीत बाजार बंद झाला. उघडला तोवर माझ्या गुडघ्यांनी हात टेकले होते. गोणपाट तिच्याकडेच राहिलं. मधेमधे कोणाकडून तरी निरोप यायचे. तिच्याकडून काकडं यायची, माझ्याकडून जवळा जायचा. मग तेही थांबलं.

आणि परवा तिच्या सुनेचा फोन आला. म्हणाली, "आई विचारतात, चिंचणीवाली आहे की गेली?" मी म्हटलं, आहे म्हणून सांग, अजून भांडू शकते. सून म्हणाली, आईंना आता दिसत नाही. एका डोळ्याने उजेड तेवढा कळतो. तरी बाजाराच्या दिवशी म्हणतात, मला नेऊन बसवा. नेऊन बसवलं की आधी तुमचं गोणपाट अंथरायला लावतात, वर दगड ठेवायला लावतात, मग शेजारी बसतात. लोक विचारतात, कोणाची जागा आहे? तर सांगतात, येईल ती.

ती सून बिचारी फोनवर अवघडली होती. तिला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलंय. मला काही तसं वाटलं नाही.

म्हणून म्हणते, ये. माझा जवळा तयार आहे, तुझ्या आईने यंदा निवडून ठेवलाय, खडा नाही. मला गाडीत चढवायची, डहाणूला उतरवायची, पुन्हा चढवायची, एवढंच काम. पाटी नाही, एकच पिशवी आहे. तिथे तू उभी राहा, नाहीतर चिंचेखाली सावलीत बस. आम्ही उन्हात बसू. तिला दिसत नसलं तरी ती मला ओळखेल, मी पिशवी उघडली की वासानेच ओळखेल, आणि काहीतरी तिरकं बोलेल. ते मला ऐकायचंय. तूही ऐक. मग पोरांना ऑल्दो शिकवशील तेव्हा गरीब माणसाचं वाक्य घेऊ नकोस. आमचं घे.

पेपर आहेत तुझे, मीटिंगा आहेत, सगळं आहे, मला कळतं. मी त्यातलं काही खोटं म्हणत नाही. फक्त या वेळी ते आधी सांग आणि येणं शेवटी ठेव. शेवळं संपायला थोडेच दिवस उरलेत, त्याच्या आत एक बाजार मिळाला तरी पुरे. लवकर ये, बाय. सुट्टी नसली तरी ये.